पोट्टे जेलात अन् बाहेर हिशोबाची वही

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५३ पासून तीनेक वर्षं एक अमेरिकन तरुण होता. जेम्स लॉसन नाव, तिकडचा काळा माणूस, मेथडिस्ट चर्चकडून आलेला, पोट्ट्यांना खेळ शिकवायचा. इथं यायच्या आधीच तो १३ महिने जेल भोगून आला होता, कारण कोरियाच्या युद्धाच्या काळात सैन्यभरतीसाठी नाव नोंदवायला त्यानं नकार दिला, तेव्हा तो स्वतःच कॉलेजात शिकत होता. गांधीजींची पद्धत त्यांच्याच मुलखात जाऊन पाहावी म्हणून आला आणि राहिला कुठं, तर आपल्या नागपुरात. डिसेंबर १९५५ मध्ये 'नागपूर टाइम्स'मध्ये त्यानं वाचलं की तिकडच्या मॉन्टगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला, आणि १९५६ ला तो परत गेला. (त्याच वर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर काय झालं ते आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही.) पुढं त्यानं शिकवलेल्या पोट्ट्यांनी अमेरिकेचा अर्धा दक्षिण भाग हलवला. हे मला इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं राजेहो, नागपूरला आपण काय फक्त संत्र्यासाठीच ओळखायचं का?

आता मी कोण हे सांगायला. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात राहते, घरी कापूस-सोयाबीन आहे, बचत गटाची सचिव आहे म्हणजे वही माझ्याकडं असते, आणि संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेची चावी पण माझ्याकडंच असते. पोलीस भरती, तलाठी, बँक असं काय काय करणारे पोट्टे-पोट्टी तिथं बसतात. वही माझ्याकडं असल्यामुळं मला एक सवय लागली आहे, कोणतीही मोठी गोष्ट वाचली की मला पहिले वाटते, याचा खर्च कुणी केला? जेलात गेलेल्यांच्या गोष्टी सगळे सांगतात, फोटो पण त्यांचेच असतात, पण वकिलाची फी कुणी दिली, चादरी कुणी धाडल्या, मायला जाऊन कुणी सांगितलं की तुझी पोरगी अमुक तुरुंगात आहे आणि ठीक आहे, हे वाचायला मिळत नाही, शोधावं लागते. मी ते शोधून राहिले आहे काही दिवसांपासून, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते.

काळ्या-गोऱ्यांचं वेगळेपण म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. वेगळा नळ, बसमध्ये मागची सीट, शाळा वेगळी. आपल्याकडं पाणवठा अन् टपरीवरची वेगळी कपबशी होती (होती म्हणते, पण काही ठिकाणी अजून काय चालते ते ज्याला माहीत त्याला माहीत). तिकडं एक गंमत अशी होती की दुकानात काळ्या माणसानं साबण, वही, पेन काहीही घ्यावं, पैसे घेतले जायचे, पण त्याच दुकानात खायचं काउंटर असे, तिथल्या स्टुलावर बसून कॉफी मागितली की नाही. पैसा बाटत नव्हता, स्टूल बाटत होतं. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावात चार विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात त्या स्टुलावर जाऊन बसले, आणि मग दोन महिन्यांत गावोगावी पोट्टे बसायला लागले.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये मात्र तयारी आधीपासून चालू होती, आणि ती करून घेत होता आपला हिस्लॉपवाला लॉसन. मार्टिन ल्यूथर किंगनं १९५७ ला त्याला म्हटलं होतं की दक्षिणेत लवकर ये, शिक्षण होईपर्यंत थांबू नको. मग हा व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकतही होता आणि चर्चमध्ये पोरांचे वर्गही घेत होता. वर्ग म्हणजे भाषण नाही बरं. काही पोरांनी गोऱ्या गुंडांचं सोंग घ्यायचं, दुसऱ्यांना शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, केस ओढायचे, स्टुलावरून खाली पाडायचं, आणि पडणाऱ्यानं हात उचलायचा नाही, डोकं कसं झाकायचं ते शिकायचं. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल ही सगळी नावं त्याच वर्गातली.

२७ फेब्रुवारी १९६० ला तिथं गोऱ्या टोळक्यानं बसलेल्यांना मारलं आणि पोलिसांनी उचललं कुणाला तर मार खाणाऱ्यांना, ८१ विद्यार्थी. एक तुकडी गाडीत बसली की दुसरी तुकडी येऊन त्याच स्टुलांवर बसायची, असं चाललं होतं. कोर्टानं ५० डॉलर दंड आणि वर कोर्टखर्च लावला. आणि इथं पोरांनी सांगितलं की आम्ही दंड भरणार नाही. डायान नॅशचं म्हणणं सरळ होतं, ज्या कायद्यानं आम्हाला पकडलं तोच अन्याय आहे, मग त्याला आमच्याच खिशातून पैसे काहून द्यायचे? हे वाचून मी वही बाजूला ठेवली, कारण माझ्यातला सचिव तर म्हणत होता की भरून टाका बाप्पा अन् सोडवून आणा लेकरं. शेवटी मार्चच्या पहिल्या आठवड्यात महापौरानंच त्यांना सोडलं. लॉसनला विद्यापीठानं काढून टाकलं, त्याच्यासाठी तिथल्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले.

आता बाहेर काय चाललं होतं ते पहा. बाहेर काळ्या बायांनी गावातल्या बाजारात जाणंच बंद केलं, ईस्टरच्या तोंडावर, म्हणजे तिकडं नवे कपडे घ्यायचा हंगाम, आपल्याकडं दिवाळीच्या आधी धनतेरसला दुकानं ओस पडावी तसं. मला वाटते पोरांना खरा आधार हा होता. आत बसलेल्यांना कळत होतं की आपलं बसणं दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत पोचून राहिलं आहे. आणि वकील होते झेड. अलेक्झांडर लूबी. १९ एप्रिलला पहाटे त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला, नवरा-बायको दोघं वाचले, आणि त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता चालत नगरपालिकेवर गेले. तिथं डायान नॅशनं महापौर बेन वेस्टला पायरीवरच विचारलं की नुसत्या रंगावरून भेदभाव करणं चुकीचं आहे असं तुम्हाला वाटते का, आणि त्याला हो म्हणावं लागलं. १० मेला सहा दुकानांची काउंटरं उघडली.

नॅशव्हिलनंतर 'दंड भरायचा नाही' हे दुसऱ्या ठिकाणी पक्कं धोरण झालं, आणि मला ते सगळ्यात जास्त पटलं कारण त्याच्यामागं हिशोब आहे. साउथ कॅरोलिनात रॉक हिल म्हणून गाव. ३१ जानेवारी १९६१ ला फ्रेंडशिप ज्युनिअर कॉलेजचे विद्यार्थी आणि कोर या संघटनेचा थॉमस गेथर असे दहा जण काउंटरवर बसले, लगेच अटक, दुसऱ्या दिवशी शिक्षा, १०० डॉलर भरा नाही तर ३० दिवस सक्तमजुरी. एक जण दंड भरून सुटला, बाकी नऊ जणांनी मजुरी घेतली. काहून? कारण तोपर्यंत वर्षभर दक्षिणेत हजारो पोरं पकडली गेली होती आणि प्रत्येक जामिनाला, प्रत्येक दंडाला चळवळीचा पैसा चालला होता. पैसा जायचा कुठं, तर ज्या सरकारनं पकडलं त्याच्याच तिजोरीत. म्हणजे जितकं आंदोलन वाढेल तितकं यांचं दिवाळं आणि त्यांची कमाई. नऊ जणांनी उलटं केलं, आता आम्हाला पोसा, जागा द्या, पहारेकरी लावा, खर्च तुमचा. 'जेल, नो बेल', म्हणजे जेल चालेल पण जामीन नको, ही घोषणा तिथून पसरली. आणि एकटं पडू नये म्हणून विद्यार्थ्यांच्या स्निक या संघटनेनं चार जण धाडले, त्यात डायान नॅश होती आणि रूबी डोरिस स्मिथ नावाची अठरा वर्षांची पोरगी होती, चौघं रॉक हिलला गेले, काउंटरवर बसले, आणि तीच शिक्षा स्वतःहून घेऊन आत गेले. जेलात असलेल्याला आधार द्यायची ही पण एक रीत, की त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. आपल्या नागपुरात १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात हेच झालं होतं ना, देशभरातून लोक यायचे आणि अटक करून घ्यायचे.

पण याच्यात बाहेरच्या माणसाची गोची होते. तुमची पोरगी आत आहे, तुमच्याजवळ पैसे आहेत, भरले की ती घरी येते, आणि ती म्हणते भरू नका. आता काय कराल?

आमच्या भागात मागं एकदा शाळा-कॉलेजच्या पोट्ट्या-पोरींनी फाट्यावर एसटी अडवली होती. गाडी थांबतच नव्हती त्यांच्यासाठी, भरलेली आहे म्हणून पुढं निघून जायची आणि पोरींचा पहिला तास रोज बुडायचा. रस्त्यावर बसले, घोषणा दिल्या, कुणी दगड उचलला नाही काही नाही. पोलीस आले, गाडीत घातलं, ठाण्यात बसवून ठेवलं. गावात हे कळल्यावर जी पळापळ झाली ती पाहण्यासारखी होती, सगळे बाप फोनवर, याला लावा त्याला लावा, केस लागली तर भरती गेली, चारित्र्य पडताळणीत नाव येईल, पोरीचं लग्न जमणार नाही. संध्याकाळपर्यंत एका पुढाऱ्याच्या शब्दावर माफीनामा लिहून सगळ्यांना सोडवून आणलं. पोरांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही की तुम्हाला माफी मागायची आहे का. एक पोट्टी मला नंतर म्हणे, "काकू, आम्ही काय चोरी केली होती का? माफी कायची?" तिच्या बापाला पण मी दोष देत नाही, कोरडवाहू चार एकरावर पोरीला शिकवणारा माणूस आहे तो, त्याची भीती खरी आहे. पण गाडी पुढचे कित्येक दिवस तशीच भरून गेली. माफीनामा दिल्यावर एसटीवाल्यांना काय पडलं होतं?

म्हणून मला जॅक्सनच्या बायांचं काम इतकं आवडलं. १९६१ च्या उन्हाळ्यात फ्रीडम रायडर्स म्हणजे काळे-गोरे मिळून लांब पल्ल्याच्या बसमध्ये एकत्र बसून दक्षिणेत गेले. बसस्थानकावर वेगळी वेटिंग रूम ठेवणं सुप्रीम कोर्टानंच बेकायदा ठरवलं होतं, तो निकाल खरा आहे का हे पाहायला. मिसिसिपीतल्या जॅक्सनला उतरले की थेट अटक. त्या उन्हाळ्यात तीनशेच्या वर लोक तिथं पकडले, बरेचसे विद्यार्थी, आणि त्यातल्या पुष्कळांना पार्चमन या राज्याच्या बदनाम तुरुंगात टाकलं. तिथं अंगावर फक्त आतले कपडे, आणि ही पोरं गाणी म्हणायची थांबत नव्हती म्हणून गाद्या काढून घेतल्या, टूथब्रश काढून घेतले, तरी गात राहिली.

त्यांच्या खटल्याला जॅक्सनमधली क्लेरी कॉलिन्स हार्वी नावाची बाई कोर्टात बसली होती. तिनं पाहिलं की आरोपीतल्या पोरींच्या अंगावर पुरेसे उबदार कपडे नाहीत. बस, इतकंच. भाषण नाही की ठराव नाही, तिनं स्वेटर धाडले आणि पुढं चर्चमध्ये वर्गणी मागितली. त्यातून 'वुमनपॉवर अनलिमिटेड' नावाचं बायांचं जाळं उभं राहिलं. ए. एम. ई. लॉगन ही तिची जोडीदार, दारोदार सामान विकायचा धंदा करणारी, म्हणजे गावातला प्रत्येक उंबरठा माहीत असलेली बाई. हे मला फार कळण्यासारखं आहे कारण बचत गटात पण वर्गणी तीच आणू शकते जिला दारं माहीत असतात. काय धाडायच्या या बाया? साबण, टूथपेस्ट, आतले कपडे, मासिकं, थोडे पैसे. आणि सुटून आलेल्याला आंघोळीला पाणी, गरम जेवण, झोपायला पलंग.

आणि हार्वीबाईला हे जमलं काहून त्याचं एक साधं कारण आहे. तिचा घरचा धंदा अंत्यसंस्काराचा होता, काळ्या लोकांच्या मयतीचं सगळं करायचा. गिऱ्हाईक सगळं आपलं, त्यामुळं कोणी गोरा मालक तिला कामावरून काढू शकत नव्हता. शाळेतल्या मास्तरणीला हेच करायचं तर नोकरी गेली असती. कोण उघड मदत करू शकते आणि कोण लपून, हे ज्याच्या-त्याच्या पोटाला कुठून मिळते त्याच्यावर असते, आणि लपून दिलेल्या साबणाची किंमत कमी नाही हे पण त्यातच आलं.

जामिनाचं गणित या रायडर्सनी फार डोक्यानं केलं होतं. मिसिसिपीच्या कायद्यात शिक्षेनंतर ४० दिवसांच्या आत जामीन भरला तरच अपील करता यायचं. म्हणून बहुतेक जण ३९ दिवस आत बसायचे, जागा अडवून ठेवायचे, आणि मग ५०० डॉलरच्या जामिनावर बाहेर यायचे, म्हणजे जेल पण भरलं आणि अपील पण वाचलं. सरकार काय कमी होतं का, त्यांनी ऑगस्टमध्ये सगळ्यांना एकाच वेळी जॅक्सनला हजर राहायला लावलं, जो येणार नाही त्याचा जामीन जप्त. देशाच्या कुठून कुठून पोरं परत आणायची, तिकिटं, जेवणं, संघटनेचं कंबरडं मोडायचा डाव होता. आले बहुतेक सगळे. आणि त्यांच्या राहायच्या-खायच्या व्यवस्थेला पुन्हा याच बाया.

फोनचं पण सांगते. स्निकच्या अटलांटा ऑफिसात पुढं अशी फोन लाइन घेतली होती की महिन्याचे ठरलेले पैसे भरले की लांबचे कितीही कॉल करा, तेव्हा ट्रंक कॉल किती महाग असायचा ते जुन्या लोकांना आठवत असेल. कुणी पकडलं गेलं की तिथून सरळ त्या गावच्या जेलरला फोन जायचा, तुमच्याकडं अमुक आहे ना, कसा आहे तो, कलम काय लावलं? उत्तर मिळो न मिळो, जेलरला कळायचं की बाहेर कुणाला तरी माहीत आहे. याची किंमत मिसिसिपीतल्या विनोना गावात दिसते. ९ जून १९६३, प्रशिक्षणाहून बसनं परत येणाऱ्या कार्यकर्त्यांना विनोनाच्या बसस्थानकावर पकडलं. त्यात फॅनी लू हेमर होत्या, जन्मभर कापसाच्या मळ्यावर राबलेल्या, आणि मतदार यादीत नाव घालायला गेल्या म्हणून मालकानं घालवलेल्या. जेलात त्यांना इतकं मारलं की त्याचा त्रास पुढं आयुष्यभर राहिला. चौकशीला लॉरेन्स गायोट हा स्निकचा तरुण गेला तर त्यालाही धरून मारलं. म्हणजे नुसतं विचारायला जाणं हे पण साधं काम नव्हतं. आपण ठाण्यात जाऊन 'साहेब, कोणत्या कलमात?' इतकं विचारताना पण किती जणांची बोबडी वळते हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या जागेवर येते. मिसिसिपीत होम्स काउंटी म्हणून भाग, डेल्टाचा, सपाट काळी जमीन आणि कापूस, नकाशा बाजूला ठेवला तर हिंगणघाटच वाटेल. त्या भागात बहुतेक काळे लोक गोऱ्यांच्या मळ्यावर बटाईनं. पण माइल्स्टन म्हणून एका ठिकाणी सरकारनं मंदीच्या काळातल्या योजनेत एक मळा घेऊन १९४० च्या आसपास काळ्या कुळांना वाटला होता, शंभरेक कुटुंबं, हप्त्यानं फेडून जमीन स्वतःच्या नावावर झालेली. वीस वर्षांनी जेव्हा स्निकचे विद्यार्थी मतदार नोंदणीसाठी फिरू लागले तेव्हा त्यांना आसरा कुणी दिला तर या जमीनवाल्या कापूस शेतकऱ्यांनी. ९ एप्रिल १९६३ ला त्यांच्यातले १४ जण लेक्सिंग्टनच्या कोर्टात नाव नोंदवायला गेले, आणि महिन्याभरात त्यातल्या हार्टमन टर्नबोच्या घरावर रात्री पेटते बॉम्ब टाकले. वर शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखानं, अटक कुणाला केली तर टर्नबोलाच, स्वतःचं घर स्वतः जाळलं म्हणून, आणि सोबत स्निकच्या बॉब मोझेसला. (टर्नबोनं त्या रात्री बंदूक काढून गोळ्या झाडल्या होत्या हे पण खरं आहे. पोरं अहिंसेची, आणि ज्याच्या घरी झोपतात तो शेतकरी बंदूक घेऊन जागा, असं तिकडं पुष्कळ ठिकाणी होतं. कुणाला हे पटत नसेल तर नसो, झालं ते असं झालं.)

पकडलेल्या पोरांना जामीन द्यायला या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी तारण लावल्या. ज्या पोरांशी रक्ताचं नातं नाही, जी उद्या शहरात निघून जातील, त्यांच्यासाठी जमीन. आपल्याकडं कोर्टात जामीनदार उभा करायचा तर सातबारा लागतो नाही तर ऐपतीचा दाखला, आणि सातबारा मागायला गेलं की सख्खा भाऊ पण म्हणते, थोडं थांब, घरात विचारतो. ज्याच्या नावावर गुंठाभर नाही त्याला तर त्याच्या जातीत-गोतात जामीनदारच सापडत नाही, आणि हजार-पंधराशेच्या जामिनासाठी माणसं महिनोन् महिने आत राहतात. म्हणून माइल्स्टनचं मला इतकं वाटते. जमीन हातात आली ती नुसती पीक काढायला नाही आली, दुसऱ्याच्या पाठीशी उभं राहायला पण आली. सोयाबीनला काय भाव मिळाला यापलीकडं आपण सातबाऱ्याचा विचार करतो का कधी?

सगळीकडं जमलंच असं नाही. जॉर्जियातल्या ऑल्बनीत डिसेंबर १९६१ मध्ये सातशेच्या वर लोक आत गेले, जेल भरून टाकू म्हणून, पण तिथला पोलीस प्रमुख लॉरी प्रिचेट हुशार निघाला, त्यानं आजूबाजूच्या तालुक्यांतली जेलं आधीच ठरवून ठेवली होती आणि लोकांना तिकडं पाठवून दिलं. त्याचं जेल भरलंच नाही, आणि बाहेरच्यांना माणसं गावोगावच्या जेलांत शोधत फिरायची पाळी आली. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मे १९६३ ला हजारावर शाळकरी मुलं आत गेली, जेल पुरलं नाही म्हणून जत्रेच्या मैदानात कोंडली. तिथं 'नो बेल' चाललं नाही, चालणारही नव्हतं, दहा-बारा वर्षांच्या लेकराला तत्त्वासाठी आत ठेवा असं कोण म्हणेल? तिथं पैसाच लागला, आणि तो कामगार संघटनांनी दिला, मोटार कामगार, पोलाद कामगार वगैरे मिळून १ लाख ६० हजार डॉलर. म्हणजे धोरण जागा पाहून बदलावं लागते. आत कोण आहे, किती वयाचं आहे, त्याला स्वतःला काय पाहिजे, हे आधी.

आणि सुटल्यावर? अभ्यासिकेत मी हे सगळं सांगत होते तेव्हा पोट्ट्यांचा पहिला प्रश्न हाच होता, काकू, मग त्यांच्या नोकऱ्यांचं काय झालं? बरोबर विचारलं. बर्मिंगहॅमच्या शाळा मंडळानं हजारावर मुलांना काढून टाकलं होतं, पण कोर्टात तातडीनं धाव घेतली म्हणून त्याच महिन्यात ते रद्द झालं. टेनेसीच्या सरकारी विद्यापीठानं फ्रीडम राइडला गेलेल्या १४ विद्यार्थ्यांना काढलं, त्यांना मानद पदव्या दिल्या २००८ मध्ये, तोपर्यंत काही जण गेलेही होते. रॉक हिलच्या नऊ जणांच्या नावावरचा गुन्हा पुसला जानेवारी २०१५ ला, म्हणजे ५४ वर्षांनी. त्या दिवशी कोर्टात त्यांच्या बाजूनं उभा राहिलेला वकील कोण होता माहीत आहे? अर्नेस्ट फिनी, तोच जो १९६१ ला त्यांच्या बाजूनं उभा होता, मधल्या काळात राज्याचा सरन्यायाधीश होऊन रिटायर झालेला म्हातारा माणूस. आणि निकाल देणारा न्यायाधीश हा शिक्षा देणाऱ्या जुन्या न्यायाधीशाचा पुतण्या. लॉसनलाही व्हँडरबिल्टनं २००६ ला शिकवायला परत बोलावलं, २०२४ मध्ये ९५ वर्षांचा होऊन तो गेला.

पोट्ट्यांना ५४ वर्षं ऐकून काही दिलासा वाटला नाही, वाटायचं कारणही नाही. त्यांची भरतीची वयोमर्यादा त्याच्या आधी संपते. म्हणून मग आम्ही बसून एक कागद केला, अभ्यासिकेत लावायला. पकडलं की २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावंच लागते. कोणत्या कारणासाठी पकडलं ते सांगावं लागते, घरच्या एकाला किंवा ओळखीच्याला कळवावं लागते. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी सहसा अटक करता येत नाही, करायचीच तर महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. कोठडीत असलेल्या कुणालाही, आणि बाया, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तर तसंही, कितीही उत्पन्न असो, तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, १९८७ चा कायदा आहे, हेल्पलाइन १५१००. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. माफीनामा लिहायचा का नाही हे आत असलेल्यानं ठरवायचं, बाहेरच्यानं नाही. ही शेवटची ओळ पोट्ट्यांनीच घातली, आणि दोन बापांनी त्यावर आक्षेप घेतला आहे, त्यावर पुढच्या रविवारी बसणार आहोत, चहा गटाकडून.

जामीनदार व्हायला तयार असलेल्यांची यादी पण करून राहिलो. सध्या तीन नावं आली आहेत, त्यातलं एक माझ्या नवऱ्याचं, त्याला अजून विचारलं नाही.